बर्न्ट टेकडीवरचं टाकं

आर्डन स्टॉटचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर लावायची गरज नव्हती. चुनाभट्टीवरच्या पाळीने लावलेली ती सवय. भट्टी बंद पडली तरी डोळा त्याच वेळेला उघडायचा. आधी डावा हात गादीवर टेकायचा, मग अंग वळवायचं, आणि उजवा खांदा सगळ्यात शेवटी, झोपलेल्या पोराला उचलावं तसा जपून आणायचा.

खांदा भट्टीने खाल्ला होता. दगड नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याखाली जे सांडतं ते फावड्याने पुन्हा पट्ट्यावर टाकायचं, हे त्याचं तरुणपणापासूनचं काम. भरलेलं फावडं जमिनीपासून थेट खांद्याच्या उंचीवर. नुसत्या हाताच्या जोरावर उचलणारा आठवड्यात मोडतो, गुडघ्यातून उचलणारा टिकतो. आर्डन टिकला. पण टिकणाऱ्याचंही काहीतरी झिजतच असतं. पुढे कंपनीने भट्टी बंद केली, आणि आरोग्यविमाही तिच्याबरोबर गेला.

मग तो हमरस्त्यावरच्या ट्रकथांब्यावर ट्रक धुवायला लागला. नेव्हाडाकडून येणाऱ्या गाड्या मिठाने आणि किड्यांनी माखलेल्या असत, गुरांच्या गाड्या शेणाने. नळीतून पाणी इतक्या जोरात सुटायचं की दोन्ही पाय रोवून उभं राहावं लागे. धुतलेलं पाणी जाळीतून गटारात जाई. त्या जाळीकडे आर्डन बघत नसे. अल्कालीसारख्या कोरड्या गावात वाढलेल्या माणसाला पाणी वाया जाताना बघवत नाही.

मिळायचं त्यातलं निम्मं घरात जाई आणि निम्मं बँकेत, वेगळ्या खात्यात. त्याला त्याची बायको व्हर्ला ‘खांद्याचं खातं’ म्हणायची. खांद्याच्या ऑपरेशनइतके पैसे साठले की येत्या हिवाळ्यात सॉल्ट लेकच्या इस्पितळात जायचं, असं ठरलं होतं. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं: ऑपरेशन केलं तर धनुष्य पुन्हा ओढता येईल; नाही केलं, तर एक-दोन वर्षांत दाढी करायलाही हात वर जाणार नाही.

आणि त्याच वर्षी जूनमध्ये बर्न्ट टेकड्यांवरच्या शिकारीचा परवाना लागला.

तो सोडतीत लागतो. अर्ज दरवर्षी करायचा आणि वाट बघायची. भट्टी चालू होती तेव्हापासून आर्डन वाट बघत होता. एक परवाना, एक नर हरीण, फक्त धनुष्यबाणाने. व्हर्ला खूश झाली नाही.

“परत कर,” ती म्हणाली. “परत केला तर तुझा नंबर जात नाही. हिवाळ्यात ऑपरेशन करू, पुढे कधीतरी शिकार.”

“पुढे कधी? तोवर मी कुठे असेन?”

“कुठे असणार? इथेच, माझ्या डोक्यावर बसलेला.”

“यंदा पाऊस नाही, व्हर्ला. झरे आटलेत सगळे. त्या बाजूला पाणी उरलंय ते आपल्या टाक्यात. झाडून सगळी हरणं तिथे येणार. असं वर्ष पुन्हा मिळत नाही.”

“आणि खांदा?”

“एका बाणापुरता आहे.”

 व्हर्लाने तळघरातून काचेच्या रिकाम्या बरण्या वर आणल्या, उकळून उपड्या घातल्या. हरणाचं मांस बरण्यांत बंद करून ठेवायचं आणि हिवाळाभर खायचं, ही तिच्या आईपासूनची रीत. बरण्या मांडल्या म्हणजे तिने होकार दिला, असं आर्डनने धरलं.

ते टाकं सरकारी जमिनीवर असलं तरी आर्डन त्याला ‘आपलं’ म्हणायचा, आणि गावात कुणी हरकत घेत नसे. त्याचं लग्न होऊन दोन उन्हाळे झाले होते तेव्हा गावातल्या माणसांनी ते बांधलं. टेकडीच्या कुशीत काँक्रीटची मोठी उतरती फरशी. बर्फ वितळलं, पाऊस पडला की पाणी तिच्यावरून घरंगळत खालच्या टाक्यात जमतं. टाक्याच्या एका बाजूला आतपर्यंत उतरण, म्हणजे पाणी कितीही खाली गेलं तरी जनावर उतरून पिऊ शकतं आणि ससा पडला तरी चढून बाहेर येतो. शेवटच्या चढावर गाडी जात नव्हती. सिमेंटची पोती माणसांनी पाठीवरून नेली. आर्डन आणि रॉइस टॅनर यांची त्या दिवशी पैज लागली होती, आणि कोण जिंकलं यावर दोघं अजून भांडत. मिश्रण कालवायला व्हर्ला होती. उतरणीच्या कडेला ओल्या सिमेंटवर तिने तळहात दाबला होता, तो अजून दिसतो.

हा रॉइस भट्टीवरचा आर्डनचा जुना सोबती. आता त्याचा स्वतःचा पाण्याचा टँकर होता. रस्त्यांच्या कामावर धूळ बसवायला तो पाणी मारायचा. तो कॉफी पितो, जी आर्डनच्या पंथात वर्ज्य आहे, चर्चला जात नाही, आणि या दोन्ही गोष्टी आर्डनसमोर जरा जास्तच दाखवून करतो.

“काय म्हाताऱ्या, धनुष्य ओढतोयस की धनुष्य तुला ओढतंय?” कुंपणापाशी गाडी थांबवून त्याने विचारलं.

आर्डन परसात सराव करत होता. रोज एकच बाण मारायचा, कारण शिकारीतही एकच मिळतो. धनुष्याचा ताण त्याने नियमात बसेल इतका खाली आणला होता.

“लागला ना नेमका?”

“लागला. पण ते गवताचं हरीण आहे, हलत नाही. आणि तुझं तोंड बघ. लिंबू चावल्यासारखं झालंय.”

“तोंडाने नाही मारत मी.”

“मारलंस तरी चालेल. व्हर्लाने तोंडाने किती जणांना गार केलंय.”

“ऐकतेय मी,” खिडकीतून व्हर्ला म्हणाली.

लपण, म्हणजे आत दडून नेम धरायचा कापडी तंबू, आर्डनने जुलैतच टाक्याजवळ लावून ठेवलं होतं. नवं कापड दिसलं की हरणं बिचकतात; महिनाभर ते तिथेच उभं राहिलं पाहिजे, त्यावर धूळ बसली पाहिजे, पक्षी बसले पाहिजेत. कापडाला त्याने तिथल्याच जुनिपरच्या झुडपांच्या फांद्या बांधल्या. पाण्याकडची एक खिडकी उघडी ठेवली, बाकीच्या बंद. मागची उघडी राहिली तर आतल्या माणसाची सावली दिसते. आत बसताना काळा सदरा घालायचा, चेहऱ्याला काजळी लावायची. घडीची खुर्ची तेल घालून आणली होती. आत भट्टीसारखं तापायचं. आर्डनला त्याचं काही नव्हतं. भट्टीवर तर बसायला खुर्चीही नव्हती.

ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला. थांब्यावरून रजा घेऊन तो रोज अंधारात जाऊन बसे आणि ऊन चढल्यावर उठे. माद्या आल्या, पाडसं आली. खेचरासारखे मोठे कान एकेक करून फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत, मग एक मान खाली जाई आणि दुसरी पहाऱ्याला वर राही. सगळ्यांच्या बरगड्या दिसत होत्या. टाक्यातलं पाणी बाकीच्या वर्षांपेक्षा बरंच खाली होतं. मनातल्या मनात आर्डनने हिशोब केला: शरदातला पाऊस वेळेवर आला तर पुरेल. नाही आला तर नाही.

शनिवारी नर आला.

उतारावरून एकटाच उतरला. शिंगांवर अजून मखमली साल होती, सकाळच्या उन्हात तिच्या कडा उजळलेल्या. एक मादी आधीपासून पीत होती. नर तिच्या मागे येऊन आडवा उभा राहिला. आर्डनने श्वास घेतला आणि धनुष्य ओढलं. खांद्यात जुनं बिजागर किरकिरावं तसं काही झालं, पण दोरी पूर्ण मागे आली.

मादी मध्ये होती. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. आर्डन थांबला. दोरी सावकाश सोडून पुन्हा ओढायची, हा एक रस्ता होता. पण एकदा सोडलेला हा खांदा दुसऱ्यांदा मागे येणार नाही, हे त्याला माहीत होतं. तो थांबून राहिला. दोरी बोटाबोटाने पुढे सरकू लागली. मादी बाजूला झाली आणि त्याने बाण सोडला.

सुटताच त्याला कळलं. बाण मागे लागला होता, पोटात. नर पाठ उंचावून, अंग आखडून दहा-वीस उड्यांत जुनिपरांत शिरला. पळाला असं म्हणवत नव्हतं. पोट दुखणारा माणूस चालतो तसा गेला.

आर्डन खुर्चीत बसून राहिला. पोटात लागलेल्या हरणामागे लगेच जायचं नसतं, हे त्या भागातल्या प्रत्येक बाणवाल्याला ठाऊक असतं. त्याला संध्याकाळपर्यंत सोडायचं. ते जवळच कुठेतरी सावलीत बसतं आणि बसल्या जागी मरतं. उठवलं की मैलोगणती जातं आणि हाती लागत नाही. आर्डनच्या बापाने त्याला हे चालायला शिकवावं तसं शिकवलं होतं.

पण ऊन चढू लागलं. ऑगस्टच्या उन्हात मेलेलं हरीण दुपारपर्यंत आतून आंबतं. आणि उद्या रविवार, देवाचा दिवस. रविवारी स्टॉटांच्या घरात कुणी कधी शिकार केली नव्हती, माग काढला नव्हता, सुरीला धारही लावली नव्हती. आज मिळालं नाही तर सोमवारी मिळणार, म्हणजे मांस गेलं. डोळ्यांपुढे व्हर्लाच्या उपड्या बरण्या आल्या.

तो दुपार व्हायच्या आत उठला.

रक्त थोडंच होतं, काळपट, त्यात चघळलेला पाला. एका जुनिपरखाली नर बसलेला होता, मान ताठ, डोळे उघडे. आर्डनने त्याला पाहिलं त्याच क्षणी त्याने आर्डनला पाहिलं. तो उठला आणि डोंगराच्या धारेपलीकडे गेला. तिथून पुढे खडक होते. खडकावर ना रक्त, ना खूर. आर्डन अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर फिरला, एकेक दगड बघत. उजवा हात त्याने कमरेच्या पट्ट्यात अडकवून ठेवला होता. तो आता उचलतच नव्हता.

घरी आला तेव्हा रॉइस स्वयंपाकघरात बसला होता. व्हर्लाने त्याचा चेहरा बघून पाणी पुढे केलं.

“उद्या मी जातो,” सगळं ऐकून रॉइस म्हणाला. “टाक्यावर बसतो. पोटात लागलेलं जनावर पाण्याला येतं आर्डन, तुला हे मी सांगायचं का?”

“वर गेलंय ते. खडकांत.”

“वर पाणी आहे का? नाही ना? मग खाली येईल. मी बसतो. माझ्या रविवारचा देवाने कधीच नाद सोडलाय.”

“नको.”

“का नको?”

“माझ्या बाणासाठी तू रविवारी तिथे बसायचं नाहीस. आणि हंगाम सुरू झाल्यापासून मी रोज त्या पाण्यावर बसलोय. एक दिवस तरी त्यांना निवांत पिऊ दे. ते पाणी आहे, सापळा नाही.”

“सापळा नाही म्हणे! मग महिनाभर तिथे तंबू कशाला, पिकनिकला?”

“रॉइस,” व्हर्ला दटावून म्हणाली.

रविवारी आर्डन चर्चमध्ये बसला, कडक कॉलरचा सदरा घालून, उजवा हात मांडीवर ठेवून. प्रार्थनेनंतर प्रभुभोजनाच्या भाकरीचे तुकडे फिरले, मग पाण्याचं ताट. इवल्याशा पेल्यांत घोटभर पाणी. त्याने डाव्या हाताने पेला उचलला, प्यायला, ताट व्हर्लाकडे दिलं. बाहेर पुन्हा तसंच निरभ्र आभाळ.

सोमवारी उजाडताच तो धारेवर होता. खडकांच्या सगळ्या घळी पाहिल्या, एकही सावली सोडली नाही. टेकून श्वास घ्यायला थांबला तेव्हा समोर, खाली, डोमकावळे उतरताना दिसले. घळीत नाही. टाक्यावर.

नर उतरणीवरून पाण्यात गेला होता आणि तिथेच पडला होता. अर्धा आत, मान उतरणीवर, शिंगांची साल कावळ्यांनी ओढलेली. पाणी तपकिरी झालं होतं. जखमेतून आणि पोटातून जे बाहेर आलं होतं ते सगळं त्यात होतं. वास लपणापर्यंत येत होता. टाक्याभोवतीच्या धुळीत खुरांचे माग दाट होते, माद्यांचे, पाडसांचे. काठापर्यंत यायचे आणि वळायचे. पुन्हा यायचे, पुन्हा वळायचे. वरच्या उतारावर काही हरणं उन्हातच उभी होती, भर दुपारी. पळत नव्हती.

आर्डन उतरणीवरून खाली गेला. मग खिशातून परवान्याची चिठ्ठी काढली आणि दोरीने त्या शिंगाला बांधली, चांगल्या शिकारीला बांधतात तशीच, गाठ दोनदा आवळून. बापाने हेही शिकवलं होतं: जखमी केलंस म्हणजे घेतलंस.

धारेवर चढून त्याने वन्यजीव खात्यातल्या बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, फार लवकर मागावर गेल्याचंही. बाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, “स्टॉट, असं होतं. टाकं साफ करायची परवानगी मी आत्ताच देते. पण पाण्याची गाडी पाठवायला आमच्याकडे महिनाभर तरी काही नाही. सगळीकडचीच टाकी कोरडी आहेत.”

“महिनाभर हरणं थांबणार नाहीत,” आर्डन म्हणाला.

संध्याकाळी व्हर्ला आणि रॉइस आले. रॉइस टाक्याच्या काठावर उभा राहिला. तो “मी म्हटलं होतं” असं म्हणेल म्हणून आर्डन थांबला होता. रॉइसने तारेची चरखी जुनिपरच्या बुंध्याला बांधायला घेतली.

“मागचे पाय बांध,” तो म्हणाला. “शिंगं ओढलीस तर मान तुटेल. आणि तोंडाला फडकं लाव, नाहीतर कॉफीऐवजी पितोस त्या बार्लीच्या काढ्यासकट सगळं बाहेर येईल.”

नर निघाला. मग पाणी उपसायचं होतं. बादलीने, उतरणीवरून चढून, दूर नेऊन ओतायचं. तिघं हातोहात बादल्या देत होते आणि मध्ये आर्डन, डाव्या हाताने घेऊन डाव्याच हाताने पुढे देणारा. उजवा मध्येच सवयीने पुढे यायचा आणि तो दात चावायचा.

“तू बस,” व्हर्ला म्हणाली.

“नाही.”

“मग निदान मला मोठी बादली दे. बाहुलीच्या बादल्या भरतोयस माझ्यासाठी.”

दुसऱ्या दिवशी तळ दिसला. गाळ फावड्याने काढला, काँक्रीट तारेच्या ब्रशने घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. तेव्हा तळाला कोपऱ्यापासून गेलेली भेग सापडली. पाणी इतकं खाली का गेलं होतं तेही कळलं. रॉइसने बोट घालून पाहिलं.

“हे बुजवल्याशिवाय पाणी ओतणं म्हणजे चाळणीत ओतणं.”

“बुजवू.”

“आणि ओतायचं कुठून? माझी गाडी फाट्यापर्यंतच येते. वर पंप लागेल, नळी लागेल, भाड्याने. गावचं पाणी विकत. डिझेल. खेपा किती होतील माहीत आहे? माझी मजुरी मी घेत नाही, पण गाडी डिझेल मागणार.”

“माहीत आहे.”

रॉइस व्हर्लाकडे बघू लागला. व्हर्ला सिमेंटवरच्या आपल्या जुन्या पंजाजवळ बसली होती, ब्रशमधले केस आणि गाळ काढत.

“व्हर्ला,” आर्डन म्हणाला, “खांद्याचं खातं—”

“मला कळलंय.”

“ऑपरेशन मग नाही होणार. या हिवाळ्यात नाही. मला वाटतं कधीच नाही.”

“तुझ्या सदऱ्याची बटणं कोण लावणार?” व्हर्ला म्हणाली. आवाज कोरडा होता. “माझे हातही काही नवे नाहीत, आर्डन.”

“परवाना परत करायला सांगितलं होतंस.”

“सांगितलं होतं.” तिने ब्रश आपटून साफ केला. मग चढाच्या खाली ठेवलेल्या सिमेंटच्या पोत्याकडे पाहिलं. “ते कोण वर आणणार आहे? दोघं बापये उभे आहात.”

पोतं रॉइस आणि व्हर्लाने धरून आणलं, मध्ये मध्ये टेकवत. एकेकाळी ते एकट्या आर्डनच्या पाठीवर जायचं. तो पुढे चालून वाटेतले दगड बाजूला करत राहिला. पैजेचं कुणी बोललं नाही.

भेग बुजवली आणि ती सुकेपर्यंत उताराच्या सावलीत उघडी घमेली पाण्याने भरून ठेवली. काही हरणं तिथे प्यायला आली. एक पाडस घमेल्यापाशी येऊन मेलेलं आढळलं; ते रॉइसने व्हर्लाला न सांगता पुरलं, आणि आर्डनला सांगितलं.

मग टँकरच्या खेपा सुरू झाल्या. फाट्यावर पंप घरघरायचा, चढावरून नळी फुगत यायची आणि टाक्यात पाणी पडायचं. आर्डन नळीच्या तोंडाशी उभा असे. नळी धरायचं काम त्याला नीट येत होतं. इथलं पाणी कुठे जातं, ते तो बघत होता. शेवटची खेप रिकामी झाली त्या दिवशी त्याने लपण उतरवलं, काठ्या जुळवल्या, कापड घडी घालून रॉइसच्या गाडीत टाकलं.

“तू ठेव,” तो म्हणाला.

“मी काय करू? मला धनुष्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“गाडीखाली अंथर. तेल बदलताना.”

रॉइसने कापडाकडे पाहिलं, आर्डनच्या खांद्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाला. त्याने ते कधी गाडीखाली अंथरलं नाही.

बरण्या व्हर्लाने पुसून तळघरात नेल्या. हिवाळ्यात त्यांनी डाळीचं सूप खाल्लं, बटाटे खाल्ले, चर्चमधल्या कुणी आणून दिलेला हरणाच्या मांसाचा एक तुकडा खाल्ला. तो खाताना आर्डनने मान वर केली नाही. खांदा डॉक्टरने सांगितला होता त्याहून लवकर गेला. रोज व्हर्ला त्याची दाढी करून द्यायची, पहाटे साडेतीनला, डोळे अर्धवट मिटलेले, पण वस्तरा स्थिर. मग तो थांब्यावर जाऊन डाव्या हाताने नळी धरायचा आणि ट्रक धुवायचा.

शरदातला पाऊस त्या वर्षी वेळेवर आला नाही. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी एकदा रॉइस त्या बाजूला गेला होता. परत येऊन त्याने सांगितलं की टाक्याच्या काठावरचे माग आता वळत नाहीत, उतरणीवरून आत जातात. आर्डनने मान हलवली. ट्रकथांब्यावरच्या त्या सगळ्या पहाटांचा मोबदला खांद्यात गेला नाही. तो त्या टाक्यात होता. बर्फ पडेपर्यंत पुरेल एवढं पाणी.